जुन्या टर्बो गाडीसाठी आधी काय: हवेचा मार्ग की ईसीयूचे सॉफ्टवेअर?

जुनी टर्बो (म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारी) पेट्रोल गाडी हौसेने सांभाळणाऱ्याला पुण्यात दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, एअर फिल्टरचा मूळ डबा काढून उघडा कोन फिल्टर बसवा. दुसरा, ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, रीमॅप करून, म्हणजे त्याचे सॉफ्टवेअर बदलून घ्या. चांगल्या प्रतीचे इनटेक किट (फिल्टर आणि हवेचा पाइप) आणि नीट केलेला रीमॅप यांच्या खर्चात आता फारसे अंतर उरलेले नाही, त्यामुळे ज्याच्याकडे एकाच कामापुरते पैसे आहेत त्याला निवड करावीच लागते. माझ्याकडे २००५ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस आहे. तिच्यावर मी दोन्ही कामे केली, पण क्रम उलटा धरला आणि त्याची किंमत मोजली. टर्बो गाडीत सॉफ्टवेअर आधी, हवेचा मार्ग नंतर, आणि या दोन्हींच्या आधी गळती व झीज, असे माझे आता ठाम मत आहे.

हे मत कशावर उभे आहे ते समजण्यासाठी गाडीची रचना थोडी पाहायला हवी. तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेल्या या गाडीत १७८१ सीसीचे, वीस व्हॉल्व्हचे टर्बो इंजिन आहे. भारतात ते १५० अश्वशक्ती आणि २१० न्यूटन मीटर टॉर्क देत असे. युरोपात याच नावाने विकली जाणारी गाडी याच घराण्यातल्या इंजिनातून १८० अश्वशक्ती काढत होती, म्हणजे मूळ रचनेत वाव आहे. या इंजिनाचा ईसीयू टॉर्कच्या हिशोबाने चालतो. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की तो आधी किती टॉर्क मागितला आहे हे ठरवतो, तेवढ्या टॉर्कला किती हवा लागेल याचे गणित करतो, आणि मग थ्रॉटल व टर्बोचा वेस्टगेट (टर्बोचा वेग आवरणारी झडप) यांच्याकडून तेवढीच हवा घेतो. वाट थोडी अडखळती असेल तर तो टर्बोला जास्त फिरवतो. वाट मोकळी केली तर कमी फिरवतो. दोन्ही वेळा सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये पोहोचणारी हवा जवळपास तेवढीच राहते, कारण कमाल मर्यादा फिल्टर ठरवत नाही, सॉफ्टवेअर ठरवते. फक्त इनटेक बदललेल्या टर्बो गाडीचा डायनोवरचा (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा) आलेख पाहून मालकाची निराशा होते ती यामुळे. सॉफ्टवेअरने सांगितलेली हवा मिळवण्याचे काम ईसीयू आधीपासूनच करत होता.

उंचीचाही संबंध आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी असतो. टर्बो नसलेली गाडी घाट चढून आली की तेवढी ताकद हरवते. टर्बो गाडी ती बहुतांशी भरून काढते, मात्र त्यासाठी टर्बोला थोडे अधिक राबावे लागते. दमलेल्या छोट्या टर्बोपुढची हवेची वाट मोकळी केल्याने त्याचा भार किंचित हलका होतो, हे खरे आहे. इनटेकच्या बाजूने मांडता येण्याजोगा हा सर्वांत प्रामाणिक तांत्रिक मुद्दा आहे, आणि मूळ टर्बो कायम असेपर्यंत त्याचे वजन थोडेच आहे.

त्याच्या विरुद्ध पारड्यात पुण्याचा उन्हाळा आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात मी फ्रिजमध्ये ठेवतात तसला, लांब वायरचा साधा डिजिटल थर्मामीटर घेतला, त्याचे टोक कोन फिल्टरच्या तोंडापाशी चिकटपट्टीने बांधले, आणि वायर बोनेटच्या फटीतून, दाराच्या रबराखालून आत घेऊन पडदा डॅशबोर्डवर ठेवला. दुपारी तीनच्या सुमारास सिंहगड रस्त्यावर, राजाराम पुलाच्या अलीकडे गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत असताना बाहेर ३८ अंश होते आणि फिल्टरपाशी ६३. पुढच्या रविवारी मूळ डबा परत बसवून, टोक डब्याच्या आत ठेवून तोच फेरा मारला, तेव्हा आकडा ४५ च्या वर गेला नाही. हवा दर दहा अंशांना सुमारे तीन टक्के विरळ होते, म्हणजे नुसत्या जागेच्या फरकाने पाच-साडेपाच टक्के हवा गेली. त्यातला काही भाग, टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर परत मिळवून देतो आणि कात्रजच्या नव्या बोगद्याकडे मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की दोन्ही मांडण्यांतले अंतर बरेच कमी होते. पण आपली गाडी दिवसातला बहुतेक वेळ कोणत्या रस्त्यावर असते याचे उत्तर ज्याने त्याने द्यावे. मूळ डबा बनवणाऱ्यांनी त्याचे नळकांडे पुढच्या थंड हवेपर्यंत नेले होते, ते विचार करूनच. ज्यांना तरीही इनटेक करायचे आहे त्यांनी बंद डब्याचे आणि पुढून हवा घेणारे किट घ्यावे. इंजिनाशेजारी उघडा कोन लावण्याला माझी सहमती नाही.

धुळीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. चाकणच्या वाटेवरची, उड्डाणपुलांच्या आणि मेट्रोच्या कामांची बारीक धूळ अडवण्यात तेल लावलेल्या सुती फिल्टरपेक्षा साधा कागदी फिल्टर सरस ठरतो. शिवाय धुतल्यानंतर फिल्टरला तेल जास्त लागले तर ते उडून, आत येणारी हवा मोजणाऱ्या मास एअर फ्लो सेन्सरच्या नाजूक तापलेल्या पटलावर बसते आणि सेन्सर चुकीचे आकडे देऊ लागतो. किटचा पाइप मूळ पाइपापेक्षा रुंद असेल तर प्रश्न आणखी खोल जातो: तेवढीच हवा रुंद पाइपातून सावकाश वाहते, सेन्सरला ती कमी वाटते, ईसीयू पेट्रोल कमी सोडतो आणि मिश्रण विरळ होते. अशा किटबरोबर सॉफ्टवेअरमध्ये सेन्सरचे मोजमाप बदलणे अनिवार्य ठरते, आणि हे किट विकताना फार थोडे लोक सांगतात.

इनटेकने एक गोष्ट भरभरून दिली, ती म्हणजे आवाज. टर्बोचा खोल श्वास, गिअर बदलताना डायव्हर्टर व्हॉल्व्हमधून (दाबाची जास्तीची हवा वळवणाऱ्या झडपेतून) सुटणारा फुस्कारा, ताम्हिणीच्या वळणांवर काच खाली करून ऐकत जाण्यासारखा असतो. वीस वर्षांच्या गाडीवर प्रेम करणाऱ्यासाठी हे कारण पुरेसे असू शकते आणि त्याला कोणी कमी लेखू नये. फक्त तो खर्च आवाजासाठी आहे, ताकदीसाठी नाही, हे मनात स्पष्ट असावे.

आता सॉफ्टवेअर. मूळ टर्बो ठेवून केलेल्या रीमॅपला बोलीभाषेत स्टेज वन म्हणतात. या इंजिनावर काळजीपूर्वक केलेला स्टेज वन साधारण ३० ते ४० अश्वशक्ती वाढवतो, आणि टॉर्कमधली वाढ त्याहून अधिक जाणवते, कारण ती २००० ते ४००० आरपीएममध्ये, म्हणजे रोज वापरात येणाऱ्या पट्ट्यात मिळते. खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरवर उतरावे लागत असे तिथे माझी गाडी आता चौथ्यातच चढते. एवढा फरक कोणताही फिल्टर देऊ शकत नाही.

पण सॉफ्टवेअरची खरी किंमत दुकानात सांगितलेल्या आकड्यात मावत नाही. माझ्या रीमॅपनंतर तीनच आठवड्यांनी कात्रजचा जुना घाट चढताना आरपीएमचा काटा ३००० वरून एकदम ४००० वर गेला आणि वेग तेवढाच राहिला. आत जळक्या अस्तराचा वास आला. क्लच घसरत होता; तो मूळचाच होता. २१० न्यूटन मीटर तो कसाबसा पेलत होता, वाढलेला टॉर्क त्याच्या आवाक्याबाहेर होता. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी मिळून रीमॅपपेक्षा जास्त पैसे गेले. म्हणून गाडी सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे असेल आणि क्लच बदलल्याची पावती नसेल, तर रीमॅपच्या अंदाजपत्रकात क्लच आधीच धरावा. त्याच ओघात इग्निशन कॉइल, नवे स्पार्क प्लग आणि प्लगची सुमारे ०.७ मिलिमीटरची फट हेही पाहून घ्यावे. दाब वाढला की रुंद फटीतली ठिणगी विझते आणि इंजिन अडखळते.

इंधनाचा विचार तर रीमॅप करणाऱ्यासमोर बसून करायला हवा. आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल नॉकिंगला (मिश्रण आपोआप पेटून इंजिनात बसणाऱ्या ठोक्यांना) चांगले तोंड देते, ही जमेची बाजू आहे. पण त्यात ऊर्जा कमी असल्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सात-आठ टक्के अधिक इंधन सोडावे लागते. २००५ चे सॉफ्टवेअर हे धरून लिहिलेले नाही. चांगला रीमॅप करणारा मूळ इंधनगणित दुरुस्त करतो आणि वाढलेल्या ताकदीला इंजेक्टर व वीस वर्षांचा इंधनपंप पुरतो का तेही तपासतो. इंडियन ऑइलचे १०० ऑक्टेनचे एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये आले तेव्हा पहिल्या शहरांत पुणे होते, आणि त्याच्या आधारावर अधिक आक्रमक रीमॅप करून घेण्याचा मोह होतो. माझा सल्ला असा, की गाडी तुमच्या रोजच्या पंपावर जे मिळते त्यावरच ट्यून करून घ्यावी. कोल्हापूरच्या वाटेवर रात्री साधे पेट्रोल भरावे लागले तर नॉक सेन्सर इग्निशन (ठिणगीची वेळ) मागे खेचत राहील आणि इंजिन विनाकारण तापेल.

सॉफ्टवेअरमध्येही प्रती वेगवेगळ्या आहेत. तयार फाइल वीस मिनिटांत चढवून गाडी परत देणारे आहेत, आणि फाइल चढवून, गाडी चालवून, आकडे नोंदवून, पुन्हा दोन-तीनदा सुधारणा करणारेही आहेत. नव्या गाडीला पहिला प्रकार एक वेळ चालून जाईल. वीस वर्षांच्या गाडीत प्रत्येक इंजिनाची झीज वेगळी असल्याने दुसराच घ्यावा. सेन्सरच्या वायरीत बसवायचे ट्यूनिंग बॉक्स ईसीयूला खोटे आकडे सांगून काम करतात, त्यामुळे मी ते विचारातच घेतले नाहीत.

आता गळतीविषयी, जिच्यापासून मी सुरुवात करायला हवी होती. गाडी घेतली तेव्हा ती ओढत नव्हती. एका गॅरेजने फिल्टर बदलण्याचा सल्ला दिला, मी इनटेक किट बसवले, आवाज सुधारला, गाडी तशीच राहिली. पुढे एका मित्राच्या व्हीसीडीएस केबलने (ईसीयूतल्या नोंदी लॅपटॉपवर वाचणाऱ्या) नोंदींचा ३२ क्रमांकाचा गट उघडला तेव्हा इंधनदुरुस्ती अधिक १३ टक्क्यांवर दिसली, म्हणजे ईसीयू मूळ हिशोबापेक्षा तेवढे जास्त पेट्रोल सोडत होता. इथेनॉलचा वाटा वजा केला तरी हा आकडा जास्तच होता. ११५ क्रमांकाच्या गटात मागितलेला आणि मिळालेला बूस्ट (टर्बोचा दाब) जुळत नव्हता. मग स्मोक टेस्ट केली. इनटेकमध्ये धूर सोडल्यावर मिनिटभरात मॅनिफोल्डच्या खालून पांढरी रेघ वर आली. क्रँककेस ब्रीदरचा कोपऱ्यातला होज इतका ठिसूळ झाला होता की काढताना हातात त्याचे तुकडे आले. डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदाही फाटलेला होता. नाना पेठेतून आणलेले होज आणि क्लिपा, नवा व्हॉल्व्ह आणि अर्ध्या दिवसाची मजुरी एवढ्यात गाडीने जो दम परत मिळवला, तो इनटेक किटने दिला नव्हता. गळक्या गाडीवर रीमॅप केला असता तर टर्बो हरवलेली हवा भरून काढण्यासाठी आपल्या क्षमतेबाहेर फिरला असता.

ज्यांची गाडी टर्बोविना आहे, उदाहरणार्थ जुनी पॅलिओ १.६ किंवा होंडा सिटी व्हीटेक, त्यांना वरचा क्रम लागू होत नाही. तिथे बूस्ट वाढवण्याची सोयच नसल्याने रीमॅपमधून मोजकीच अश्वशक्ती मिळते, आणि थंड हवेचे बंद इनटेकही तेवढेच, थोडेसे देते. अशा गाडीत दोन्ही पैसे टायर, सस्पेन्शनचे बुश आणि ब्रेक यांवर घालावेत असे माझे मत आहे.

कायद्याच्या नजरेत दोन्ही बदलांत फार भेद नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्वाळा दिला. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीत उघडा फिल्टर डोळ्यांना दिसतो, सॉफ्टवेअर दिसत नाही. पण न दिसणे म्हणजे परवानगी नव्हे. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा, कारण दावा करायची वेळ आली की लपवलेली गोष्ट मालकावरच उलटते. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढण्याचा प्रस्ताव कोणी ठेवला तर तो सरळ नाकारावा.

रीमॅप ठरलाच, तर त्याआधी आणि नंतर एकाच डायनोवर, शक्यतो एकाच दिवशी मोजणी करून घ्यावी, कारण दोन वेगळ्या डायनोंचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. नंतरच्या नोंदींत २० क्रमांकाच्या गटातले इग्निशन मागे घेण्याचे अंश प्रत्येक सिलिंडरसाठी वाचावेत. ते सतत पाच-सहाच्या वर जात असतील तर गाडी घरी न नेता तिथेच फाइल सौम्य करून घ्यावी. आणि काम सुरू होण्याआधी ईसीयूमधली मूळ फाइल वाचून पेनड्राइव्हवर मागून घ्यावी. माझी फाइल आरसी बुकाच्या पाकिटातच ठेवलेली आहे. ती देण्यास कोणी टाळाटाळ केली, तर गाडीची किल्ली परत घेऊन निघावे.