इनपुट इटरेटर मागायचा की फॉरवर्ड?

सी++ मध्ये स्वतःचा टेम्प्लेट अल्गोरिदम (अनेक प्रकारच्या डेटावर चालणारा) लिहायला घेतला, की त्याला कोणत्या दर्जाचा इटरेटर, म्हणजे घटकांवरून एकेक करून पुढे सरकणारा दर्शक, हवा हे आधी ठरवावं लागतं. माझी कसोटी एकच: लूपमध्ये इटरेटरची कॉपी बाजूला ठेवून नंतर ती वापरावी लागते का? लागत नसेल तर इनपुट मागा. फाइंड, काउंट, अॅक्युम्युलेट इनपुटवर भागवतात, म्हणूनच ते थेट स्ट्रीमवरही (एकामागून एक येणाऱ्या डेटाच्या प्रवाहावरही) चालतात.

इनपुट इटरेटर फार थोडं कबूल करतो: वाचा आणि पुढे सरका. एकदा ++ केलं की आधीच्या जागेवरच्या कॉपी वाचता येतीलच याची हमी नाही. दोन इटरेटर समान असले, तरी दोन्ही पुढे सरकवल्यावर समान राहतीलच असंही नाही. फॉरवर्ड या दोन्ही गोष्टींची हमी देतो. तीच मल्टी-पास हमी, म्हणजे तेच घटक पुन्हा वाचता येण्याची.

मॅक्स_एलिमेंट घ्या. आतापर्यंतच्या सर्वांत मोठ्या घटकाचा इटरेटर तो जपून ठेवतो. त्याला आयस्ट्रीमबफ_इटरेटर (स्ट्रीमच्या बफरमधून अक्षरं वाचणारा इनपुट इटरेटर) दिला तर जुन्या पद्धतीचा कोड बहुधा बिनतक्रार कम्पाइल होतो. पण जपलेली कॉपी आणि चालू इटरेटर दोघंही त्याच बफरमधलं सध्याचं अक्षर वाचतात! म्हणजे अक्षराची तुलना स्वतःशीच, आणि उत्तर निरुपयोगी. सी++20 मधल्या रेंजेस लायब्ररीचं मॅक्स_एलिमेंट फॉरवर्ड मागतं, म्हणून ते हा कोड कम्पाइलच होऊ देत नाही. यावर फॉरवर्ड मागणं हाच उपाय आहे असं नाही. इटरेटरऐवजी व्हॅल्यू जपली तरी काम होतं. रेंजेसचं मॅक्स व्हॅल्यू परत करतं, त्यामुळे त्याला इनपुट रेंज पुरते.

फॉरवर्डचा फायदा वेगात दिसतो. व्हेक्टर (वाढू शकणारा अॅरे) बनवताना आधी अंतर, म्हणजे घटकांची संख्या, मोजून मेमरी एकदाच घेता येते. इनपुटवर ती टप्प्याटप्प्याने वाढवावी लागते. सी++17 चे पॅरलल अल्गोरिदमही किमान फॉरवर्ड मागतात.

एक गोम आहे. सी++17 पर्यंत फॉरवर्डला खरा रेफरन्स द्यावा लागे, त्यामुळे व्हेक्टर<बूल> चा इटरेटर (तो रेफरन्सऐवजी त्याच्यासारखी वागणारी प्रॉक्सी वस्तू देतो) काटेकोरपणे त्यात बसत नव्हता. सी++20 च्या कन्सेप्टने (प्रकाराने पाळायच्या अटींच्या नव्या व्याख्येने) ती अट काढली. शिवाय तिथल्या इनपुट इटरेटरला कॉपी होण्याची किंवा == ची सक्ती नाही, आणि पोस्ट-इन्क्रिमेंटने (नंतर लावलेल्या ++ ने) काही परत करायलाच हवं असंही नाही. म्हणून इनपुटसाठी लिहिताना इटरेटर कॉपी न करता मूव्ह करा, ++ नेहमी आधी लावा.

दोन्ही हवं असेल तर बाहेरून इनपुट मागा आणि आत इफ कॉन्स्टएक्स्प्रने (कम्पाइल करतानाच ठरणाऱ्या अटीने) फॉरवर्डसाठी वेगळी, वेगवान वाट ठेवा.