फ्लोराइड तपासणी किट: इंदूरच्या बोअरवेलवाल्यांसाठी

अमेरिकेत दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात फ्लोराइड हा क्षार मिसळायचा का, यावर अनेक ठिकाणी मतदान होतं. तिथली शिफारस लिटरला 0.7 मिलिग्रॅमची. आपल्याकडे प्रश्न उलटा. खडकातून बोअरवेलमध्ये आपोआप उतरणारं फ्लोराइड जास्त तर नाही ना? भारतीय मानकाप्रमाणे 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोय नसेल तर फार तर 1.5.

लोकमान्य नगरसारख्या वसाहतीत टाकीत नर्मदेचं आणि बोअरचं पाणी एकत्र होतं, म्हणून नमुना थेट बोअरच्या तोटीवरून, पाच मिनिटं पंप चालल्यावर घ्या. बाटली प्लास्टिकचीच हवी. किटमधल्या नळीत खुणेपर्यंत पाणी, किटमधल्या रसायनाचे सांगितलेले थेंब, मग हलवून ठरलेला वेळ थांबा. फ्लोराइड वाढेल तसा गुलाबी रंग पिवळ्याकडे झुकतो. रंग किटच्या रंगपट्टीशी दिवसाउजेडी, पांढऱ्या कागदासमोर जुळवा. पिवळ्या बल्बखाली हमखास चुकतो.

मोठी गफलत क्लोरीनची. ब्लीचिंग टाकलेल्या पाण्यात क्लोरीन रंगच खातं आणि फ्लोराइड आहे त्याहून जास्त दिसतं. गढूळ पाण्यातही रंग नीट जुळत नाही, आधी निवळू द्या.

किट घ्यावंच, पण 1 आणि 1.3 मधला फरक त्यावर ठरवू नका. रंग काठावर असेल तर प्रयोगशाळेत इलेक्ट्रोडवर (फ्लोराइड मोजणाऱ्या उपकरणावर) मोजून घ्या आणि तो कागद सोसायटीच्या बैठकीत ठेवा. सामायिक फिल्टरचा खर्च त्यावरच ठरावा. आणि कृपा करून पाणी उकळत बसू नका! वाफ जाते, फ्लोराइड मागे उरतं.