पाच कोश, एक शब्द: शिकागोच्या ऑनलाइन कोशसेवेविषयी

एकाच शब्दाच्या अर्थांवर पाच-सात मिनिटांचा माहितीपट करायचा, तर जुनी फिल्म शोधण्याआधी कोश उघडावेत. शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया'वर मराठीचे पाच कोश फुकट पाहता येतात. त्यांतले तीन खरे कामाचे: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७), दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' (१९३२-३८, पुरवणी १९५०) आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९). उरलेले दोन, वझे आणि बर्नसन यांचे, सुटसुटीत आहेत, पण अर्थांचा पसारा हवा असेल तर तिथे फारसं हाती लागत नाही.

'पाट' घ्या. जेवायला मांडतात तो, शेताला पाणी नेतो तो, आणि विधवेचा लावतात तो, म्हणजे तिचा पुनर्विवाह. विधवा-पुनर्विवाहाचा कायदा १८५६चा, मोल्सवर्थची ही आवृत्ती पुढच्याच वर्षीची. तिसऱ्या अर्थाशी हे जोडलं की संहितेला कणा मिळतो. मोल्सवर्थ पहिल्या अर्थाला आकडा देत नाही, आकडे २पासून लागतात. घाईत नेमका पहिलाच अर्थ सुटतो. शिवाय हे आकडे म्हणजे काळाचा क्रम नव्हे. तो हवा असेल तर आधी तुळपुळ्यांकडे यादवकाळातला दाखला पाहायचा, मग मोल्सवर्थ, शेवटी दाते. दात्यांचे दाखले 'ज्ञा.' (ज्ञानेश्वरी) अशा संक्षेपात असतात. मूळ ओवी उघडून ताडल्याशिवाय निवेदनात घेऊ नयेत.

सगळ्यात जास्त फसगत अनुस्वाराची. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी व्युत्पत्तीने येणारे अनुच्चारित (लिहायचे, पण न उच्चारायचे) अनुस्वार गेले, कोशांत ते शाबूत आहेत. मोल्सवर्थमध्ये होडी 'नाव'खाली आणि माणसाचं नाव 'नांव'खाली. म्हणजे ज्याला आपण एका शब्दाचे दोन अर्थ समजून फिल्म करायला निघालो, ते मुळात दोन शब्द! क्रियापदंही 'लागणें' अशी. नुसतं 'लागण' टाकून सुरुवातीच्या अक्षरांवर शोधलेलं बरं.

पडद्यासाठी मात्र ही सेवा अपुरी आहे. इथे दिसतो तो नव्याने टंकलेला मजकूर, जुनं छापील पान नव्हे. ते दाखवायचं तर ग्रंथालयातली प्रत किंवा स्कॅन गाठावं लागतं. १८५७चं पान बिनधास्त वापरा. १९९९च्या कोशातली अख्खी नोंद दाखवायची असेल तर आधी परवानगी घ्या.