आयनोटिफाय: बरीच वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आयनोटिफाय म्हणजे फोल्डरमध्ये काही बदललं की प्रोग्रॅमला लगेच कळवणारी लिनक्स कर्नलची (सिस्टमच्या गाभ्याची) सोय. फोल्डरमध्ये काय बदललं ते कळायला दर दोन सेकंदाला सगळ्या फाइल्स स्टॅट करत (म्हणजे साइज, तारीख तपासत) बसायचं काम ज्यांनी केलंय त्यांनाच याची किंमत कळेल. आधी लिनक्समध्ये डीनोटिफाय होतं, ते सिग्नल पाठवायचं, प्रत्येक डिरेक्टरी उघडी धरून ठेवावी लागायची त्यामुळे पेनड्राइव्ह अनमाउंटच होत नसे, आणि एवढं करून कळायचं काय तर इथे काहीतरी बदललंय, काय ते तुम्ही शोधा. २००५ ला कर्नल २.६.१३ मध्ये आयनोटिफाय आलं. एकच फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलला कर्नल देतं तो नंबर), त्यावर कितीतरी वॉच (या फोल्डरवर नजर ठेव अशी नोंद), रीड केलं की नावासकट इव्हेंट हातात, ईपोलमध्ये (एकाच वेळी अनेक डिस्क्रिप्टरची वाट बघायची सोय) पण टाकता येतं. लागोपाठ सेम टू सेम इव्हेंट आले तर कर्नल त्यांचा एकच करून देतं, हे मला फार आवडलं.

आता रडगाणं. सबफोल्डर आपोआप धरत नाही, प्रत्येक डिरेक्टरीवर वेगळा वॉच लावा. एका झटक्यात क/ख/ग असे फोल्डर बनवले की क चा इव्हेंट येतो, तुम्ही क वर वॉच लावेपर्यंत ख बनून मोकळा, त्याचा इव्हेंट येतच नाही. म्हणून आधी वॉच लावायचा आणि मग आत डोकावून बघायचं, उलटं केलंत तर काहीतरी निसटणारच.

आणि वॉचची लिमिट संपली की एरर काय येते, तर डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही! मी अर्धा दिवस जुने लॉग उडवत बसलो होतो, डिस्क अर्धी रिकामी. तेव्हा लिमिट युजरमागे ८१९२ होती, ५.११ पासून कर्नल रॅम बघून ठरवतं, जास्तीत जास्त १०,४८,५७६. लिमिट हवीच म्हणा, एकेक वॉच कर्नलची साधारण १ केबी मेमरी अडवतो.

खरी मेख क्यूमध्ये, म्हणजे न वाचलेले इव्हेंट थांबतात त्या रांगेत आहे. डिफॉल्ट १६,३८४ इव्हेंट, तुमचा प्रोग्रॅम हळू वाचत असेल तर पुढचे सरळ फेकले जातात आणि ओव्हरफ्लोचा एक इव्हेंट येतो. कर्नल तरी काय करणार, फाइल लिहिणाऱ्याला थांबवून ठेवणार की मेमरी खात सुटणार? पण माझ्या पहिल्या स्क्रिप्टने तो इव्हेंट बघितलाच नव्हता, मोठ्या रेपोत (कोडच्या साठ्यात) ब्रँच (कोडची वेगळी आवृत्ती) बदलली, एकदम ढीगभर फाइल्स बदलल्या आणि स्क्रिप्टच्या इंडेक्समध्ये (फाइल्सच्या यादीत) अर्ध्या फाइल्स जुन्याच. म्हणजे जो सगळं परत स्कॅन करायचा कोड फेकून द्यायला आपण इकडे आलो, तो लिहावा लागतोच, फक्त रोज चालत नाही.

सगळी फाइलसिस्टम एका मार्कमध्ये (वॉचसारखीच नोंद) हवी असेल तर फॅनोटिफाय ही लिनक्सचीच दुसरी सोय बघा, ५.१ पासून त्यात फाइल बनणं, डिलीट होणं, मूव्ह होणं पण कळतं, कुठल्या प्रोसेसने केलं तो पीआयडीही (प्रोसेसचा नंबर) मिळतो, फक्त त्या मार्कला रूटचे (ॲडमिनचे) अधिकार लागतात. सर्व्हरवर मी तेच लावलंय, लॅपटॉपवर अजून आयनोटिफाय. साडेतीन स्टार, अर्धा त्या एररच्या मेसेजसाठी कापला.