माझाच डिकोडर मला १२,५०० रुपयांना विकला

माझ्या मॉडेल रेल्वेच्या छोट्या इंजिनापायी एकूण १६,५०० रुपये गेले. सर्व्हिसिंगचे १,५००, 'नवीन' साउंड डिकोडर (इंजिनाच्या पोटातली मोटर, लाइट आणि आवाज सांभाळणारी चिप) १२,५००, ॲक्सल गिअर १,८०० आणि वर प्रोग्रामिंगचे ७००. घरी अजून फक्त दीड हजारच सांगितलेत, म्हणून इथे तरी खरा आकडा लिहितो.

इंजिन माझं अल्को या अमेरिकन कंपनीच्या सी-६२८ चं मॉडेल, एचओ स्केल, म्हणजे खऱ्याच्या १:८७. आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाच्या पोटात जी सोळा सिलिंडरची '२५१' मोटर असायची त्याच घराण्यातलं, म्हणून तर हौसेने डीसीसी (रुळांतून डिजिटल हुकूम देऊन चालवायची पद्धत) आणि साउंडसकट घेतलं होतं. यंदा पावसाळ्यात नेहमीची कटकट सुरू झाली, चालता चालता अडखळायचं, लाइट मिचमिचायचा, आवाज तुटायचा आणि परत पहिल्यापासून स्टार्टअप. ज्याच्या घरात रूळ आहेत त्याला कळलंच असेल, चाकांवर काळा थर आणि चाकांवरून वीज उचलणाऱ्या पिकअपच्या पट्ट्या मळलेल्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना बनियन, वीस मिनिटांचं काम. मला माहीत नव्हतं असं नाही हो! पण चष्म्याचा नंबर वाढल्यापासून बोगी, म्हणजे खालचा चाकांचा सांगाडा, उघडायची हिंमत होत नाही, मागच्या वेळी एक बारकी स्प्रिंग सोफ्याखाली उडाली ती उडालीच.

तर पेठेतल्या एका जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर बसणाऱ्या माणसाकडे गेलो. गेल्या गेल्या याने पुण्यातल्या घोरपडीच्या डिझेल शेडचा विषय काढला, खरं अल्को नॉच घेताना, म्हणजे वेग वाढवताना, काळा धूर कसा ओकायचा, आयडलिंगचा तो ढगढग आवाज, तोंडाने काढून दाखवला. संपलं, मी विरघळलो. इंजिन टेबलावर ठेवून आलो, फोटो नाही, पावती नाही, काही नाही.

चार दिवसांनी फोन. "काका, डिकोडर जळलाय. मोटरने करंट जास्त ओढला. बाहेरून मागवलात तर कस्टम आणि दीड महिना, माझ्याकडे एकच पीस पडलाय." एकच पीस! भाजीवाल्याने म्हटलं असतं तर मी पुढच्या गाड्यावर गेलो असतो. इथे मात्र लगेच यूपीआय केलं. जुना डिकोडर परत मागितला तर म्हणे कचऱ्यात गेला. स्कूटर गॅरेजला टाकली की जुना प्लग सुद्धा मागून घेणारा माणूस मी.

आणि आता खरं लाजिरवाणं. घेताना त्याने टेस्ट ट्रॅकवर चालवून दाखवलं, पत्ता ३ वर (पत्ता म्हणजे ज्या नंबरने डिकोडरला हुकूम देतात तो). कारखान्यातून आलेला कोरा डिकोडर ३ वरच असतो, त्यामुळे माझी खात्रीच पटली. मग हॉर्न वाजवला. हॉर्न हळू. अगदी तेवढाच हळू जेवढा मी दोन वर्षांपूर्वी करून ठेवला होता, कारण आई दुपारी झोपते. नवे साउंड डिकोडर केवढ्याने बोंबलतात ते आपल्याला ठाऊक आहे. तिथेच त्याची कॉलर धरायला हवी होती. आणि मी काय म्हणालो? "वा, आवाज छान बेताचा ठेवलात!" तो म्हणतो, "घरात म्हातारी माणसं असतात काका, आम्ही कमीच ठेवतो." मी वर थँक्यू म्हणून घरी आलो.

आठवड्याने पत्ता परत ६२८ करायला प्रोग्रामिंग ट्रॅकवर ठेवलं, सहज सीव्ही, म्हणजे डिकोडरमधली सेटिंगची खाती, १०५ आणि १०६ वाचले. हे दोन वापरणाऱ्याच्या खुणेसाठी मोकळे असतात, मी त्यात माझं जन्मसाल घालतो, १९ आणि ७४. 'नव्या' डिकोडरमध्ये १९ आणि ७४! गड्याने फक्त पत्ता बदलला होता, रिसेट करायचेही कष्ट घेतले नव्हते. मग चष्म्यावर भिंग लावून बोगी उघडलीच. गिअर जुनाच, वरचं कडक झालेलं ग्रीससुद्धा जुनंच. चाकं तेवढी चकचकीत पुसलेली.

चौकीवर गेलो. पहिला प्रश्न, "म्हणजे खेळण्यातली आगगाडी?" दुसरा टेबलवरून हसला. सीव्ही १०५ समजावून सांगितलं तर म्हणे हे सिव्हिल मॅटर आहे, पक्कं बिल आणा. अहो बिल असतं तर इथे कशाला आलो असतो! दुसऱ्या दिवशी मोठे साहेब बंदोबस्ताला, तिसऱ्या दिवशी अर्ज पुन्हा लिहा, 'डिकोडर' ऐवजी 'यंत्राचा सुटा भाग' लिहा, चौथ्या दिवशी पोच मागितली तर शिक्का सापडत नाही. बँकेत गेलो तर मॅडम म्हणाल्या पिन तुम्हीच टाकला ना. हो बाई, मीच टाकला. चोराला ओटीपी सांगितला असता तर निदान मला एखादा फॉर्म तरी मिळाला असता, इथे माणूस समोर बसून लुटतो तर त्याचा रकानाच नाही. आता ग्राहक आयोगात जातोय, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, आणि आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवलीय.

इंजिन कोणाकडेही देण्याआधी सगळे सीव्ही वाचून लिहून ठेवा. डिकोडरवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, बायकोची बाटली घ्या, विचारू नका. जळला म्हणाला तर जळका तुकडा हातात घेतल्याशिवाय एक रुपया सोडू नका. आणि चाकं घरीच पुसा रे बाबांनो.

परवा त्या वाड्यात जाऊन १९ आणि ७४ त्याच्या तोंडावर फेकलं. शांतपणे म्हणाला, "योगायोग असेल काका. नको असेल तर आणा परत, सेकंडहँडमध्ये ५,००० ला घेतो."