स्मार्ट स्विच सारखे ऑफलाइन जात होते, आठ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आठ महिने झाले घरात स्मार्ट स्विच बसवून, म्हणून आता लिहितोय. लावल्या लावल्या लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते आणि दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर एक.

आमचा पुण्यात टू बीएचके आहे, बिल्डिंग जुनी, घरात मी, बायको आणि आई. जुने बोर्ड तसेच ठेवून त्यांच्या मागे बसतात ती वायफायवाली मॉड्यूल घेतली, चार बटणांचं एक साधारण दीड हजाराला पडलं, असे सहा बोर्ड केले. कंपनीचं नाव टाकत नाही कारण जो त्रास झाला तो कुठल्याही वायफाय मॉड्यूलला होऊ शकतो. घेतलं ते आईसाठी. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, रात्री बाथरूमला जाताना अंधारात बोर्डापर्यंत चालत जायला नको, अंथरुणातूनच स्मार्ट स्पीकरला "पॅसेजची लाईट लाव" म्हणलं की लागावी, एवढंच हवं होतं. पहिला महिना छान गेला, आईला पण आवडलं.

मग एका रात्री तीनच्या सुमारास तिने चार वेळा सांगितलं आणि स्पीकर चारही वेळा म्हणाला की डिव्हाइस रिस्पॉन्ड करत नाहीये. आई भिंत धरून धरून गेली, आणि सकाळी चहा घेताना सहज बोलल्यासारखं म्हणाली, "अरे, रात्री तुझी लाईट लागली नाही रे." मला इतकं वाईट वाटलं ना, त्या दिवसापासून या प्रकरणाच्या मागेच लागलो.

सुरुवातीचे दोन आठवडे वाया गेले कारण मी दर वेळी स्विच ॲपमधून डिलीट करून परत ॲड करायचो, दोन दिवस चालायचा, परत ऑफलाइन, वर टायमर आणि स्पीकरला दिलेली नावं पण उडायची ती परत भरायची. हे करू नका. आधी भिंतीवरचं बटण दाबून बघा. लाईट लागली तर वायरिंग ठीक आहे, गडबड बहुतेक वायफायची आहे. बटणाने पण लागत नसेल तरच बोर्ड उघडायचा, तो पण मेन एमसीबी पाडून आणि टेस्टर लावून बघून. आमच्याकडे बटणं सगळी चालत होती, म्हणजे बोर्डाला हात लावायची गरजच नव्हती.

दुसरी ट्रिक फार कामाची आहे. घरातला राउटर बंद करा आणि एका फोनच्या हॉटस्पॉटला राउटरचंच नाव आणि तोच पासवर्ड द्या, स्पेलिंग आणि कॅपिटल अक्षरं पण तशीच हवीत. वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन बँड असतात, हॉटस्पॉट २.४ वर ठेवा (आयफोनमध्ये त्याला मॅक्झिमाइज कम्पॅटिबिलिटी म्हणतात, ते ऑन करायचं) आणि फोन बोर्डाजवळ धरून दोन-तीन मिनिटं थांबा. मॉड्यूल त्याला आपणहून जोडलं गेलं तर मॉड्यूल निर्दोष. माझी सहाच्या सहा जोडली गेली. मी इतके दिवस कंपनीला नावं ठेवत होतो आणि घोळ राउटरचा होता.

राउटरमध्ये तीन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीला एकच नाव होतं आणि कोणाला कुठे पाठवायचं ते राउटर ठरवायचा, आता बहुतेक स्मार्ट स्विचना फक्त २.४ कळतं, मग राउटर त्यांना ५ कडे ढकलायला गेला की ते तुटतात. मी दोन्ही वेगळे केले, जुनं नाव २.४ ला ठेवलं आणि ५ ला नवीन दिलं, त्यामुळे स्विचना हात लावावा लागला नाही, फक्त फोन आणि टीव्ही परत जोडले. दुसरं, चॅनल ऑटोवर होता आणि राउटर कधी कधी १३ वर जाऊन बसायचा, काही मॉड्यूलना १२ आणि १३ दिसतच नाहीत, म्हणून तर दोन दिवस चालायचं आणि दोन दिवस बंद असं व्हायचं. आजूबाजूच्या फ्लॅटचे वायफाय बघितले तर आमच्याकडे ६ वर गर्दी कमी होती, तो फिक्स केला, चॅनलची विड्थ २० मेगाहर्ट्झ. १, ६ किंवा ११ यातलाच एक घ्या, मधले घेऊ नका, ते दोन्ही बाजूंना घासतात. तिसरं सिक्युरिटी, म्हणजे वायफायच्या पासवर्डची पद्धत, तिथे डब्ल्यूपीए३ होतं ते डब्ल्यूपीए२ केलं, साध्या मॉड्यूलना नवीन झेपत नाही.

एवढं केल्यावर पाच बोर्ड सुधारले पण आईच्या खोलीतला नाही, आणि नेमका तोच महत्त्वाचा! फोनवर सिग्नल मोजायचं ॲप टाकलं, हॉलमध्ये उणे ५५ दाखवत होतं आणि आईच्या बोर्डाजवळ उणे ८२. उणे ७० च्या खाली गेलं की भरवसा नाही. राउटर टीव्ही युनिटच्या कपाटात, मध्ये दोन विटांच्या भिंती, आणि बोर्डाचा भिंतीतला बॉक्स पत्र्याचा, जुन्या कन्सील्ड वायरिंगमध्ये जीआयचे बॉक्स असतात ना तसला. मॉड्यूल त्या पत्र्याच्या तळाशी कोंबलेलं होतं, अँटेना मागे. ते फिरवून पुढे प्लॅस्टिकच्या प्लेटच्या बाजूला आणलं, राउटर कपाटातून काढून पॅसेजच्या वर भिंतीवर घेतला, आता तिथे उणे ६४ येतं. तेव्हापासून तो बोर्ड एकदाही गेलेला नाही.

आता वायरमनचं सांगतो कारण हे जास्त महत्त्वाचं आहे, जीवाशी संबंध आहे. मॉड्यूलला चालायला न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची वायर, लागतो. ज्या बोर्डावर प्लगचं सॉकेट आहे तिथे तो असतोच, पण बाथरूमबाहेर असतो तसा नुसत्या बटणांचा बोर्ड असेल तर बऱ्याचदा फक्त फेज, म्हणजे करंट येणारी वायर, आणलेली असते. आमच्याकडे आलेला वायरमन म्हणाला, "दादा, अर्थिंगची वायर आहे ना, ती न्यूट्रल म्हणून देतो, चालतंय." मॉड्यूल चालेल हो, पण अर्थिंगमधून कायम करंट जात राहणार, आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच) असेल तर तो पडत राहणार, आणि अर्थिंग कुठे तुटलं तर फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन यांच्या बॉडीला करंट येणार. मी स्पष्ट नाही म्हणलं. शेजारच्या बोर्डातून पाइपमधून न्यूट्रलची वायर ओढून घेतली, अर्धा दिवस गेला, पैसे गेले, जाऊ देत. कोणी अर्थिंग वापरतो म्हणाला तर त्याला काम करू देऊ नका, प्लीज. आणि गिझर या मॉड्यूलवर घेऊ नका, २००० वॉटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो आणि माझ्या मॉड्यूलचं एक बटण ६ अँपिअरचं आहे.

लाईट गेल्यावरचा घोळ वेगळा. लाईट आली की स्विच दोन सेकंदात जागे होतात आणि राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात, तोपर्यंत काही मॉड्यूल शोधून दमतात आणि तसेच पडून राहतात. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला आणि ते थांबलं, आमच्याकडे कधी गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते तेव्हा हे चांगलंच तपासून झालं.

एक मॉड्यूल मात्र खरंच खराब निघालं, हॉलच्या पॅनल लाइटचं. टक आवाज यायचा पण लाईट बंद व्हायची नाही, रिलेचा, म्हणजे मॉड्यूलमधल्या लाईट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा, कॉन्टॅक्ट चिकटला होता, एलईडीचे ड्रायव्हर चालू होताना क्षणभर खूप करंट ओढतात त्याने होतं हे. वॉरंटीत बदलून मिळालं, पण तीन मेल आणि एक व्हिडिओ पाठवल्यावर, सर्व्हिसला अर्धा स्टार त्याचाच कापला.

आणखी एक स्टार कापतो कारण हे मॉड्यूल इंटरनेटशिवाय ॲपवरून चालत नाही, कमांड सर्व्हरला जाऊन परत येते, म्हणजे नेट गेलं की आईचा आवाज ऐकणारं कोणी नाही. २०२२ ला मॅटर नावाचं स्टँडर्ड आलंय, ॲपल, गूगल, ॲमेझॉन, सॅमसंग सगळे त्यात आहेत, त्यातली उपकरणं घरातल्या नेटवर्कवरच बोलतात, आज घेतलं असतं तर तेच बघून घेतलं असतं. भिंतीवरचं बटण मात्र नेट असो नसो चालतंच, ज्या मॉड्यूलमध्ये ते नाही ते फुकट मिळालं तरी म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत लावू नका.

साडेतीन स्टार. आई आता आवाजानेच लावते, तरी पलंगाजवळ एक बॅटरी मी ठेवलीच आहे. गॅलरीचा बोर्ड राहिलाय, वायरमनला रविवारी बोलावलंय, तिथे न्यूट्रल आहे का ते आधी बघायला.