वीस जीबीचा राऊटर, अडीच जीबीचा माल

तालुक्याच्या गावात आमचं छोटं इंटरनेटचं काम आहे. 'सी' वर्गाचा, म्हणजे लहान भागापुरता परवाना, सोळाशेच्या आसपास कनेक्शन, तीन ओएलटी (जिथून फायबर घरोघरी फुटते ती यंत्रं) आणि पावसाळ्यात रोज कुठेतरी तुटणारी फायबर. शेजारच्या चार गावांत लाइन टाकायची ठरली तेव्हाच कळत होतं की सगळ्या ग्राहकांचं इंटरनेट ज्यातून जातं तो जुना राऊटर पुरणार नाही. रात्री आठनंतर त्याचा सीपीयू नव्वद टक्क्यांवर जाऊन बसायचा.

मी एक्सेल उघडलं. मॉडेल, किंमत, क्षमता, आणि शेवटच्या रकान्यात एका जीबीला किती रुपये पडतात ते. (धंद्यात आम्ही गिगाबिट प्रति सेकंदाला नुसतं जीबीच म्हणतो, जाणकारांनी माफ करावं.) ज्युनिपरच्या एमएक्स २०४ ची किंमत ऐकली आणि ती ओळच पुसून टाकली. मायक्रोटिकचा सीसीआर २११६ नवा कोरा, दहा जीबीचे चार पोर्ट, परवडण्यासारखा. आणि तिसरा, जुन्या बाजारातला सिस्कोचा एएसआर १००१-एक्स. १,४५,००० रुपये अधिक जीएसटी, क्षमता २० जीबी. भागाकार आला ७,२५०. हा रकाना मी हिरव्या रंगाने भरला आणि सगळ्यांना दाखवत सुटलो.

विकणारा मुंबईचा, ओळखीच्या ओळखीतून नंबर मिळालेला. बोलायला गोड. "दादा, ट्वेंटी जीबी फुल अनलॉक आहे, डोळे झाकून लावा." व्हिडिओ कॉलवर राऊटर चालू करून दाखवला, लॅपटॉपवर स्पीड टेस्ट घेतली, ९०० च्या वर आकडा आला. मीही खूश झालो. लॅपटॉपला एक जीबीचं पोर्ट असतं, त्यावर वीस जीबी काय कळणार, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. मग त्याने व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट पाठवला. थ्रूपुट लेव्हल (राऊटरमधून जास्तीत जास्त किती डेटा जाऊ शकतो ती मर्यादा) २,००,००,००० केबी. म्हणजे वीस जीबी. पैसे भरले.

टेस्टिंग वॉरंटी आठ दिवसांची होती. पण आम्ही जिच्याकडून इंटरनेट घेतो त्या वरच्या कंपनीकडून दहा जीबीचं पोर्ट मिळायलाच तीन आठवडे लागले, तोवर राऊटर रॅकमध्ये नुसता दिवे लावून बसला होता. मग थोडे थोडे ग्राहक त्याच्यावर सरकवले. पंधरा दिवस सगळं छान.

एका रविवारी आयपीएलची मॅच होती. पावणेनऊपासून फोन सुरू. 'बफरिंग होतंय', 'पैसे कशाचे घेता'. ग्राफ बघितला तर रेघ चढत चढत गेलेली आणि मग एकदम सपाट, साडेअकरापर्यंत, इस्त्री फिरवल्यासारखी. सीपीयू मात्र थंड. राऊटरला काही जड जातंय असं दिसेना. म्हणून पहिला संशय वरच्या कंपनीवर. त्यांच्याशी तीन दिवस भांडलो, फायबर जोडायचे दोन एसएफपी मॉड्यूल बदलले, नको ते बोललो. नंतर त्यांची माफी मागावी लागली ती वेगळीच.

कराडचा एक मित्र हेच काम करतो. त्याने फोनवर एकच कमांड टाकायला लावली : शो प्लॅटफॉर्म हार्डवेअर थ्रूपुट लेव्हल. स्क्रीनवर आलं, २५,००,००० केबी. अडीच जीबी, तेही येणं-जाणं मिळून.

या मॉडेलची गंमत अशी की मूळ राऊटर अडीच जीबीवरच येतो. पुढे ५, १० किंवा २० हवं असेल तर लायसन्स वेगळं घ्यायचं. डबा तोच, पोर्ट तेच, आत काही बदलत नाही. लायसन्स त्या-त्या डब्याच्या सिरियल नंबरला बांधलेलं असतं आणि जुना माल घेतला म्हणून ते आपोआप आपल्या नावावर होत नाही. यात लपवाछपवी काही नाही, डेटाशीटमध्ये छापलेलं आहे. मी डेटाशीटमधला फक्त मोठा आकडा वाचला होता.

मग स्क्रीनशॉट परत उघडला आणि बोटांनी मोठा केला. अगदी वरच्या कोपऱ्यात, अर्धवट कापलेला, सिरियल नंबर होता. टॉर्च घेऊन रॅकमागे वाकलो, डब्यावरचं स्टिकर बघितलं. शेवटची चार अक्षरं जुळत नव्हती. दुसऱ्याच राऊटरचा फोटो होता तो, आणि दोन महिने माझ्याच फोनमध्ये पडून होता.

विकणाऱ्याचं उत्तर, "दादा, हार्डवेअर ओके दिलंय ना? लायसन्स कस्टमरचं असतं." दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

बिल काढलं तर त्यावर मॉडेल नाही, सिरियल नाही. 'नेटवर्क इक्विपमेंट, यूज्ड, १ नग.' एवढ्यावर भांडणार काय? पैसे ज्या खात्यात गेले त्याचं नावही बिलावरच्या नावापेक्षा वेगळं. पोलिसांनी ऐकून घेतलं आणि दिवाणी प्रकरण म्हणून वकिलाकडे पाठवलं. वकिलाची नोटीस 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत आली. वर आमच्या सीए मॅडमचा फोन : त्या बिलाची नोंदच जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट दाखवणाऱ्या तक्त्यात, दिसत नाही. विकणाऱ्याने त्याच्या विवरणात बिल दाखवलंच नव्हतं. म्हणजे २६,१०० रुपयांचं क्रेडिटही गेलं.

एक्सेलमध्ये वीसच्या जागी अडीच टाकले. एका जीबीला ५८,०००. एमएक्स २०४ ची जी ओळ पुसली होती ती कुठल्या तोंडाने परत लिहिणार?

कराडच्या मित्राने त्याचा जुना सीसीआर १०३६ दिला, अर्धे ग्राहक त्यावर टाकले. नंतर २११६ नवा घेतला. त्याचं लायसन्स डब्यातच येतं, पण तिथेही भुलू नका. कंपनीच्या टेस्टच्या तक्त्यात १५१८ बाइटच्या मोठ्या पॅकेटची, नियम न लावलेली ओळ फार सुंदर दिसते. आपल्याकडे पीपीपीओई (ग्राहकाचं लॉगिन), नॅट (एक पत्ता अनेकांत वाटणं) आणि क्यू (प्रत्येकाच्या स्पीडची मर्यादा) एकदमच चालतात. मी आता ५१२ बाइट आणि २५ क्यूची ओळ बघतो, त्यातलाही निम्माच आकडा शीटमध्ये लिहितो.

आणि जुना माल घ्यायचाच असेल तर व्हिडिओ कॉल चालू असतानाच स्टिकर, मग इन्व्हेंटरी (स्क्रीनवर राऊटर स्वतः सांगतो तो सिरियल नंबर), मग थ्रूपुट, एकाच दमात, कॅमेरा न हलवता दाखवायला सांगा. बिलावर सिरियल आणि लायसन्सची लेव्हल शब्दांत लिहून घ्या. कुणी म्हणालं की 'एवढं कशाला दादा', तर तिथेच फोन ठेवा. १५ जून २०२१ पासून परवानाधारकाला नवी उपकरणं सरकारने ठरवलेल्या विश्वासार्ह स्रोताकडूनच घेऊन जोडायची आहेत, हेही मला माहीत होतं. किंमत बघून ते सोयीस्कर विसरलो, याचा दोष दुसऱ्या कुणाला देत नाही.

गेल्या आठवड्यात कराडच्या मित्राने एक स्टेटस पाठवलं. नंबर नवा, नाव नवं, 'ट्वेंटी जीबी फुल अनलॉक'. स्क्रीनशॉट तोच होता. फक्त वरच्या कोपऱ्यात आता काळी पट्टी मारली होती.